ताऱ्यांच्या पेठेंतील पहिली दुकानदारी

घरांतील तरुण मंडळी संध्याकाळीं संगणकापुढें बसली म्हणजे ती एक तर अभ्यास करते किंवा वेळ दवडते, अशी वडीलधाऱ्यांची सरळ वांटणी असते. परंतु हल्लीं गिरगांव-दादरच्या कांहीं घरांतून तिसरेंच उत्तर ऐकूं येऊं लागलें आहे. "काय चाललें आहे रे?" असें आजोबांनीं विचारावें, आणि नातवानें मान वर न करतां "व्यापार" म्हणून सांगावें! पुढील चौकशींत कळतें कीं, हा व्यापार ना काळबादेवीला, ना दलाल स्ट्रीटवर. तो आकाशगंगेंत चालतो आणि त्यांतील गिऱ्हाईक जर्मनी, रशिया, अमेरिका अशा ठिकाणीं आपापल्या घरीं बसलेलें असतें. आजोबांना यांत मटक्याचा वास येतो, वडिलांना आपल्या क्रेडिट कार्डाची आठवण होते, आणि आई एवढेंच विचारते कीं, जेवावयास किती वाजतां उठणार? तिघांच्याहि शंका रास्त आहेत. परंतु नातवाचें उत्तरहि सर्वस्वी खोटें नाहीं. म्हणून या महिन्यांत आम्ही वाचकांस या पेठेची थोडी ओळख करून देण्याचें योजिलें आहे.

ज्या खेळाविषयीं आम्ही लिहीत आहों त्याचें नांव ईव्ह ऑनलाइन. आइसलंडची राजधानी रेक्याविक येथील सीसीपी या कंपनीनें तो ६ मे २००३ रोजीं सुरू केला. अंतराळांत जहाज घेऊन माल विकीत हिंडण्याची कल्पना त्याहून जुनी आहे. डेव्हिड ब्रेबेन व इयन बेल या केंब्रिजच्या दोन विद्यार्थ्यांनीं १९८४ सालीं एलीट नांवाच्या खेळांत ती लोकप्रिय केली. पण तेथें खेळणारा एकटा असे आणि बाजारभाव यंत्र ठरवी. ईव्हमध्यें हजारों माणसें एकाच विश्वांत, सुमारें ७,८०० तारकामंडळांत, एकाच वेळीं वावरतात आणि भाव ठरवितात तीं माणसेंच. यंत्राशीं केलेल्या सौद्याला आम्ही भातुकली म्हणूं. माणसाशीं केलेल्या सौद्यांत मात्र, नाणें लुटुपुटीचें असलें तरी, लोभ, भीति, घाई आणि विश्वास हीं चारी खरींच असतात.

या विश्वांतील बहुतेक सर्व माल खेळणाऱ्यांनींच तयार केलेला असतो. कोणी लघुग्रह फोडून खनिज काढतो, कोणी तें गाळून धातु करतो, कोणी त्या धातूचीं जहाजें बांधतो. आणि जहाज एकदां फुटलें कीं तें कायमचें गेलें. दुसरें हवें असेल तर बाजारांतून विकत आणावयाचें. म्हणजे लढणाऱ्यांच्या संहारावर कारागिरांचीं आणि वाण्यांचीं पोटें चालतात! जानेवारी २०१४ मध्यें एका तारकामंडळांत रात्रंदिवस लढाई होऊन ७५ टायटन, म्हणजे त्या जगांतील सर्वांत मोठीं जहाजें, नष्ट झालीं. त्या लढाईंतील एकंदर नुकसान खऱ्या पैशांत मोजलें तर सुमारें तीन लाख डॉलर भरेल असा अंदाज कंपनीनें वर्तविला. या रणकंदनाचें कारण ऐकून गृहिणींना हंसूं येईल. एका संघानें आपल्या ताब्यांतील प्रदेशाचा ठराविक आकार वेळेवर भरला नाहीं, त्यामुळें प्रदेशावरील हक्क गेला, आणि शत्रूला आंत शिरावयास फट सांपडली. वीजबिलाची तारीख विसरणाऱ्या मंडळींनीं ही कथा ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

दूरच्या युद्धानें जवळचा बाजार कसा हालतो हें मुंबईकरास नव्यानें सांगावयास नको. १८६१ सालीं अमेरिकेंत यादवी पेटली, तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला, आणि आपल्या शहरांत पैशाचा पूर लोटला. समुद्र हटवून जमीन करणाऱ्या कंपन्यांचे शेअर लोक डोळे मिटून घेऊं लागले. १८६५ सालीं युद्ध संपलें आणि बड्याबड्या पेढ्या बसल्या. प्रेमचंद रायचंदांसारख्या बाजाराच्या राजाचेंहि आसन डळमळलें, आणि १८६८ पर्यंत जुनी बँक ऑफ बॉम्बे बंद झाली. त्या काळांतील शहाण्या दुकानदारास जें पाहावें लागे तेंच ईव्हमधील दुकानदारासहि पाहावें लागतें. कोठें लढाई जुंपली आहे, तेथें काय फुटणार आहे, आणि तें पुन्हां बांधावयास कोणता माल लागेल?

आतां पेठेकडे वळूं. ईव्हमधील सर्वांत मोठी बाजारपेठ जिता नांवाच्या तारकामंडळांत, चौथ्या ग्रहाच्या चौथ्या चंद्राजवळील एका स्थानकांत भरते. अमार, डोडिक्सी, रेन्स, हेक अशा दुय्यम पेठाहि आहेत. परंतु जितेलाच बाजार भरावा असा नियम कोणी केलेला नाहीं. फुलें दादर स्टेशनाच्या पश्चिमेस, मिरच्या-मसाला लालबागेस, कापड मुळजी जेठा मार्केटांत, हें तरी कोणत्या सरकारी ठरावानें ठरलें? गिऱ्हाईक जेथें जातें तेथें दुकान येतें, आणि दुकानें जेथें आहेत तेथें गिऱ्हाईक जातें.

सौद्याची रीत अशी. प्रत्येक जिनसेच्या दोन याद्या सर्वांना दिसतात. एकींत "या भावानें विकतों" अशा चिठ्ठ्या, दुसरींत "या भावानें घेतों" अशा. गुरांच्या बाजारांत रुमालाखालीं बोटें दाबून भाव ठरतो, तसा लपवाछपवीचा प्रकार येथें नाहीं. चैत्र-वैशाखांत लालबागेस मिरच्या घ्यावयास गेलेली गृहिणी डोळ्यांपुढें आणा. तिला मिरच्या आजच हव्या असतात, उद्यां त्या उन्हांत घालावयाच्या असतात; म्हणून ती दुकानदार सांगेल त्याच्या आसपासचा भाव देते. इकडे शेतकऱ्यास पैशाची निकड असते, म्हणून तो व्यापारी देईल तो भाव घेतो. या दोन निकडींच्या मधल्या जागेंत व्यापारी बसतो आणि थांबण्याचें मोल घेतो. ईव्हमध्यें नवशिक्यानें करावयाचें तें एवढेंच. कमी भावाची खरेदीची चिठ्ठी लावून थांबावें, माल आला म्हणजे जास्त भावाची विक्रीची चिठ्ठी लावून पुन्हां थांबावें. चिठ्ठी तीन महिन्यांपर्यंत टिकते.

ऐकावयास हें फारच सोपें वाटतें आणि येथेंच नवखा पहिल्यानें ठेंचाळतो. इस्क हें त्या जगांतील नाणें. समजा, एक जिन्नस १०० इस्कांस घेतां येतो आणि १२० ला विकला जातो. नवखा म्हणतो, वीस टक्के नफा! पण चिठ्ठी लावावयास दलाली पडते आणि विक्रीवर कर पडतो. त्यांचे दर कंपनी वेळोवेळीं बदलते आणि खेळणाऱ्याच्या पात्र्यानें संपादिलेल्या कौशल्याप्रमाणें ते उतरतातहि. हिशेबापुरते आपण दलाली शेंकडा ३ व कर शेंकडा ८ धरूं. खरेदीवर दलाली ३, म्हणजे माल घरांत पडला १०३ ला. विक्रीवर दलाली ३.६० व कर ९.६०, म्हणजे हातीं आले १०६.८०. राहिले किती? तीन इस्क ऐंशी. आणि शेजाऱ्यानें भाव पाडला म्हणून आपणहि १२० चे ११५ केले, तर हातीं येतात १०२.३५, म्हणजे वीस टक्क्यांचें स्वप्न पाहणारा पासष्ट शतांश खोटींत! भाव बदलावयास निराळी आकारणी पडते ती यांत धरलेलीच नाहीं. शाळेंतील नफा-तोट्याचीं उदाहरणें ज्यांना कंटाळवाणीं वाटलीं त्या मुलांना हा हिशेब मध्यरात्रीं आपण होऊन करतांना पाहिलें म्हणजे शिक्षकांची कींव येते.

दुसरी गोष्ट, खपाची. पडद्यावर प्रत्येक जिनसेचा मागील दिवसांचा भाव आणि खप आलेखानें दाखविलेला असतो. नवखा भावाकडे पाहतो. अनुभवी माणूस आधीं खपाकडे पाहतो. शेंकडा पन्नास नफ्याचा जिन्नस महिन्यांतून एकदांच विकला जात असेल, तर भांडवल महिनाभर कोंडून पडलें. दारूगोळा, स्वयंचलित लहान यानें, लहान जहाजांचे सुटे भाग यांचा उठाव रोजचा आहे. त्यांत नफा बारीक असतो. पण मीठ-मिरची विकणारा वाणी कधीं उपाशी राहत नाहीं. १९१० सालीं गिरगांवांत बेडेकरांनीं आरंभ केला तो किराणा मालाच्या दुकानानेंच. मसाले आणि लोणचीं मागाहून आलीं. नव्या खेळाडूस प्रारंभीं पांचच चिठ्ठ्या लावतां येतात, आणि व्यापाराचें कौशल्य वाढेल तशा त्या वाढत जातात. हें कौशल्य घड्याळाच्या कांट्यावर मिळतें, त्यास कांहीं तास, कधीं कांहीं दिवस जावे लागतात. घाईच्या पोरांना ही मर्यादा जाचते. आम्हांला ती त्या खेळांतील उत्तम सोयींपैकीं एक वाटते, कारण पांच चिठ्ठ्यांत माणूस बुडून बुडून बुडणार किती?

एके काळीं या बाजारांत एका इस्काच्या शंभराव्या भागानें भाव कमी करून दुसऱ्याच्या वर जाण्याची एक कंटाळवाणी चढाओढ चाले. समोरच्यानें शंभरावा भाग उतरविला कीं आपण उतरवावयाचा, पुन्हां त्यानें, पुन्हां आपण. आणि जो रात्रभर जागेल तो जिंकावयाचा. २०२० सालीं कंपनीनें किमान फरक वाढविला आणि हा प्रकार बराच थांबला. चिवड्याच्या गल्लींत शेजारच्या गाड्यापेक्षां एक पैसा स्वस्त अशी पाटी कोणी लावली असती तर आपण हंसलों असतों. संगणकावर मात्र शहाणेसुरते लोक वर्षानुवर्षें तेंच करीत होते.

वाहतुकीचा भाग अधिक थरारक, आणि आमच्या मतें नवख्यानें तो पुढें ढकलावा. एका पेठेंत स्वस्त घेऊन दुसरींत महाग विकणें हा जुना धंदा तेथेंहि आहे, परंतु मधली वाट पाहिली पाहिजे. अंतराळाचे सुरक्षित, कमी सुरक्षित आणि बेबंद असे पट्टे आहेत. सुरक्षित पट्ट्यांत कोणी हल्ला केला तर तेथील पहारा हल्लेखोराचें जहाज हटकून नष्ट करतो. हें ऐकून नवखा निर्धास्त होतो. पण पहारा शिक्षा करतो, वांचवीत नाहीं! उएदामा नांवाच्या वाटेवर लुटारू दबा धरून असतात. ते येणाऱ्या जहाजांतील मालाची किंमत दुरून पाहतात, आपलीं स्वस्त जहाजें गमवावीं लागतील त्यांची किंमत वजा घालतात, आणि शिल्लक पडत असेल तर हल्ला करतात. हल्लेखोरांचीं जहाजें जातात, त्यांचा साथीदार माल उचलून नेतो. आमच्या परिचयाच्या एका तरुणानें दोन महिन्यांची सारी कमाई एकाच जहाजांत भरली, जहाज आपोआप चालविण्याची कळ दाबली, आणि तो आईनें हांक मारली म्हणून आरतीला गेला. परत येऊन पाहतो तों जहाजहि नाहीं आणि मालहि नाहीं. त्या मुलानें त्या दिवशीं प्रसाद कसा घेतला तें आम्हीं विचारलें नाहीं. पण तेव्हांपासून तो मालाच्या तीन खेपा करतो आणि कळीला हात लावीत नाहीं.

ज्यांना ही दगदग नको त्यांच्यासाठीं आंगडियांची सोय आहे. भुलेश्वर-झवेरी बाजारांत आंगडिया शब्दावर हिऱ्यांची पुडी नेतो. ईव्हमध्यें शब्दावर कोणी कोणाचें कांहीं नेत नाहीं. माल नेणाऱ्यानें मालाच्या किमतीइतकी अनामत आधीं भरावयाची, माल पोंचला कीं अनामत आणि हमाली दोन्ही मिळावयाचीं, माल बुडाला तर अनामत धन्याची. माल देणाऱ्यानें अनामतीचा आंकडा नीट घालावा, कमी घातला तर माल घेऊन पळणेंच नेणाऱ्यास परवडतें. घेणाऱ्यानेंहि सावध असावें. कवडीमोल मालावर भारी अनामत मागून वाटेंत स्वतःच लुटणारे महाभाग आहेत.

यावरून खेळाचा स्वभाव ध्यानांत येईल. फसवणूक तेथें बव्हंशीं नियमांत बसते. जितेंत पाऊल ठेवावें तों "मला पैसे पाठवा, दुप्पट परत करतों" अशा हांका कानीं येतात. कांहीं जण आरंभीं लहान रक्कम खरोखर दुप्पट करून देतात. मोठी रक्कम पाठविली कीं गप्प. २००६ सालीं एका खेळाडूनें तेथें ठेवी घेणारी बँक काढली, लोकांचा विश्वास संपादिला, आणि सातशे अब्जांहून अधिक इस्क घेऊन तो चालता झाला. कंपनीनें कांहीं केलें नाहीं. पुढें ईबँक नांवाची दुसरी बँक निघाली. २००९ सालीं तिच्या एका चालकानें २०० अब्ज इस्क उचलले आणि ते खेळाबाहेर सुमारें ६,३०० ऑस्ट्रेलियन डॉलरांस विकले. घराची पहिली रक्कम भरावयाची होती आणि मुलाच्या औषधपाण्याचा खर्च होता, असें त्यानें सांगितलें. ठेवीदारांची झुंबड उडाली. त्या गृहस्थास खेळांतून बाहेर काढलें तें चोरीबद्दल नव्हे, खेळांतील नाणें खऱ्या पैशास विकल्याबद्दल! या गृहस्थाचा आम्हांला राग येतो तितकीच दयाहि येते. पडद्यावरील आंकडे उचलतांना पडद्यापलीकडची माणसें दिसत नाहींत, आणि घरांतलें आजारपण मात्र समोर दिसतें. आपल्या मुलांशीं बोलावें तें याविषयीं. खेळांत ठकविणें नियमांत बसतें एवढ्यावरून तें आपल्या घरांत बसतें काय, हा प्रश्न प्रत्येक कुटुंबानें आपल्यापुरता सोडवावा. आमचें मत विचाराल तर लुटारूचें सोंग घेणें निराळें आणि विश्वासानें ठेव ठेवणाऱ्यास बुडविणें निराळें. दुसऱ्याची संवय खेळापुरती राहत नाहीं.

आतां आजोबांचा मटका. न्यूयॉर्कच्या कापूसबाजारांतील उघडत्या आणि मिटत्या भावांवर मुंबईंत आंकडा लागे, आणि तेथून पुढें मडक्यांतील चिठ्ठ्यांचा खेळ निघाला. परळ-लालबागच्या चाळींतून किती पगार त्यांत गेले हें ज्यांनीं पाहिलें त्यांना "भाव" या शब्दाचीच धास्ती वाटणें स्वाभाविक आहे. परंतु मटक्यांत पैसा लावून पैसा मिळण्याची आशा असते. ईव्हमधील कमाई बाहेर काढून रुपये करावयास नियमांची बंदी आहे, आणि तसें करणाऱ्याचें खातें बंद होतें. ऑगस्ट २०२५ मध्यें संसदेनें ऑनलाइन खेळांविषयीं कायदा केला, त्याचाहि रोख पैसे लावून पैसे जिंकावयाच्या खेळांवर आहे.

आंत जाण्याचा रस्ता मात्र उघडा आहे, आणि वडिलांच्या क्रेडिट कार्डास जपावयाचें तें येथें. प्लेक्स नांवाचा एक जिन्नस कंपनीकडून खऱ्या पैशानें घेतां येतो आणि बाजारांत विकून त्याचे इस्क करतां येतात. भांडवल नाहीं म्हणून हा मार्ग धरण्याचा मोह प्रत्येक नवख्यास होतो. आमचा सल्ला स्पष्ट नकाराचा आहे. नोव्हेंबर २०१६ पासून हा खेळ मर्यादित स्वरूपांत फुकट खेळतां येतो. आरंभींचीं लहानसहान कामें केलीं म्हणजे पांच चिठ्ठ्यांपुरतें भांडवल सहज जमतें. विकत आणलेलें भांडवल बुडालें तर मुलगा दुसऱ्यांदा कार्ड मागतो. कमावलेलें बुडालें तर हिशेब मागतो. उलट, कुशल व्यापाऱ्यास आपल्या इस्कांनीं दुसऱ्याचा प्लेक्स घेऊन खेळाची वर्गणी भागवितां येते. "वर्गणी तुझ्या दुकानांतून काढ" असें वडिलांनीं सांगितलें तर मुलाला त्यांत अपमान वाटणार नाहीं. बहुधा तो त्याच दिवशीं कामाला लागेल.

आईच्या प्रश्नाचें उत्तर सर्वांत समाधानकारक आहे. ईव्हचें घड्याळ ग्रीनिचचें. युरोपची मंडळी जेवून खेळावयास बसतात तेव्हां मुंबईंत मध्यरात्र उलटलेली असते. म्हणून लढाईची हौस असलेलीं मुलें जागरणें करतात आणि सकाळीं कॉलेजांत पेंगतात. व्यापाऱ्यास त्याची गरज नाहीं. त्याच्या चिठ्ठ्या लावलेल्या असतात, तो झोंपला तरी दुकान उघडेंच. दिवसांतून दोनदां वीस-वीस मिनिटें पुरतात.

हिशेबाची वही मात्र कागदाची असावी. कोणता जिन्नस, कोणत्या तारखेस, किती भावानें, दलाली किती, कर किती, हातीं काय पडलें, असा साधा रोजमेळ. घरांत कोणी जुने हिशेबनीस असतील तर वही त्यांच्याकडे तपासावयास द्यावी; अंतराळांतील जहाजांचीं नांवें त्यांना कळलीं नाहींत तरी जमेची बाजू नांवे पडलेली त्यांना तत्काळ दिसेल. या खेळाच्या अर्थव्यवहारावर देखरेख करण्यासाठीं कंपनीनें २००७ सालीं एइओल्फुर गुडमुंडसन या अर्थशास्त्रज्ञाची नेमणूक केली होती. पुढें २०१४ सालीं ते आइसलंडमधील आकुरेरी विद्यापीठाचे प्रमुख झाले. खेळाच्या कंपनीनें अर्थशास्त्रज्ञ ठेवावा आणि खेळणाऱ्यानें वहीहि ठेवूं नये, हें बरें दिसत नाहीं.

वही लिहिण्याची वेळहि खेळानेंच नेमून दिली आहे. रोज ग्रीनिचचे अकरा वाजले कीं डागडुजीसाठीं सारें विश्व थोडा वेळ बंद होतें. तेव्हां मुंबईंत दुपारचे साडेचार वाजलेले असतात आणि घरांत चहा ठेवलेला असतो.